डंपिंगवरचं जंगल

मुलांनो, आज तुम्हांला आधी एक कोडं घालते. मुंबईत एक जंगल आहे. त्यात वाघ नाही, डोंगर नाही, धबधबाही नाही. ते उभं आहे केळीच्या सालांवर, चहाच्या चोथ्यावर, उसाच्या चिपाडांवर आणि फुटक्या कपबश्यांवर. ओळखा पाहू!

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान? चूक. राणीची बाग? तीही नाही. सोडा, मीच सांगते. हे आहे धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. माहीम नेचर पार्क म्हणूनही लोक त्याला ओळखतात. मुंबईत राहणाऱ्या कितीतरी जणांनी ते पाहिलेलं नाही. बांद्रा-सायन लिंक रोडवरून बस जाते तेव्हा एका बाजूला दाट झाडं दिसतात, तेवढ्यात सिग्नल सुटतो आणि बस पुढे निघून जाते. आम्हीही असेच शंभर वेळा पुढे गेलो होतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र आम्ही तिथे गेलो. त्याचं निमित्त होतं आमच्या ताईचा प्रकल्प. ताई म्हणजे माझी थोरली मुलगी, इयत्ता आठवी. शाळेतून तिला 'परिसरातील एका नैसर्गिक स्थळाला भेट' असा विषय दिला होता. सुट्टीचे शेवटचे चार दिवस उरले, तरी वही कोरीच! (तुमच्याकडेही असंच होतं का? होत असणारच.) भाऊबीजेला माझा भाऊ आणि माझे वडील आमच्याकडे डोंबिवलीला आले होते. भाऊ दुसऱ्या दिवशी कामावर गेला, पण आण्णा राहिले. माझ्या वडिलांना सगळे आण्णाच म्हणतात. मुलंही त्यांना 'आण्णा आजोबा' म्हणतात.

सकाळी चहा पिताना मी ताईला म्हटलं, "आपण धारावीच्या निसर्ग उद्यानात जाऊ या. तिथे १९७७ पर्यंत शहराचा कचरा टाकत होते, आता तिथे जंगल आहे. छान लिहिता येईल तुला."

आण्णांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "धारावीचं डंपिंग? खाडीच्या कडेचं? अगं, तिथे मी सहा वर्षं गाडी रिकामी केली आहे."

"कसली गाडी?" धाकट्यानं विचारलं. तो तिसरीत आहे. त्याला गाडी म्हटलं की कान टवकारायची सवय.

"कचऱ्याची," आण्णा म्हणाले आणि त्यांनी बशी पुन्हा तोंडाला लावली.

मुलं माझ्याकडे बघायला लागली, कारण मी त्यांना आजवर एवढंच सांगितलं होतं, की आजोबा म्युन्सिपालटीत होते. म्युन्सिपालटीत म्हटलं की मुलांना वाटतं टेबल, खुर्ची, फाईल आणि वर फिरणारा पंखा. आण्णा होते मोटर लोडर. म्हणजे काय? तर कचऱ्याच्या गाडीवर मागे उभं राहून गल्लोगल्ली जायचं, दाताळ्यानं कचरा पाटीत ओढायचा, पाटी डोक्यावर घ्यायची आणि गाडीत उपडी करायची. गाडी भरली की डंपिंगवर नेऊन रिकामी करायची. पुन्हा दुसरी खेप. १९७१ साली लागले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते, २००८ साली निवृत्त झाले.

हे मी मुलांना का सांगितलं नव्हतं? ते पुढे सांगते. आधी गाडी पकडू या.

डोंबिवलीहून आम्ही धीमी लोकल धरली, कारण सायनला जलद गाड्या थांबत नाहीत. सायन स्टेशनच्या पाटीवर मराठीत 'शीव' लिहिलेलं असतं, ते पाहिलंय का तुम्ही? शीव म्हणजे वेस, हद्द. पूर्वी मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी बेट सुरू व्हायचं. हद्दीवरचं गाव म्हणून शीव! इंग्रजांच्या तोंडी त्याचं सायन झालं. आता गंमत बघा, गावाचा नको तो ऐवज वेशीबाहेर टाकायची आपली जुनी रीत आहे. मुंबईचा कचराही असाच हद्दीजवळच्या खाडीकाठी येऊन पडत होता.

स्टेशनवरून बसनं धारावी आगाराशी उतरलो. रस्त्यावर ट्रक, टँकर, हातगाड्या आणि हॉर्नचा नुसता कालवा. समोर उद्यानाचं फाटक. आण्णा फाटकाबाहेरच थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"चुकलो वाटतं आपण," ते म्हणाले. "इथे नव्हतं ते."

"इथेच होतं आण्णा."

"मग एवढी झाडं कुठून आली?"

तिकिटं काढून आत गेलो. आणि मुलांनो, पहिली गोष्ट जाणवली ती कानांना. दहा-वीस पावलं गेलो नाही तोच हॉर्नचा आवाज मागे मागे पडत गेला. दुसरी गोष्ट जाणवली ती कातडीला. बाहेर ऑक्टोबर हीटची शिल्लक अंगाला चटके देत होती, आत मानेवरचा घाम सुकायला लागला. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून वाफेच्या रूपानं हवेत सोडतात. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून झाडांखाली गारवा असतो. माठातलं पाणी गार का होतं, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. अगदी तसंच हे. पत्र्याच्या छपराचीही सावलीच पडते, पण त्याखाली उभं राहून बघा, फरक कळेल!

या उद्यानाचं क्षेत्र आहे ३७ एकर. त्यात वनस्पतींचे तीनशेहून अधिक प्रकार आहेत. पण बागेत असतात तशा कापून सरळ केलेल्या कडा, गोल वाफे, 'फुले तोडू नका' म्हणावं अशी गुलाबांची रांग, यातलं इथे फारसं काही नाही. झाड जिकडे वाकलं तिकडे वाकलं. वेल जिथे चढला तिथे चढला. धाकटा पहिल्यांदा जरा हिरमुसला. "झोपाळा नाही? घसरगुंडी पण नाही?" म्हणाला. मग त्याला पायवाटेवर ओळीनं चाललेले मुंगळे सापडले आणि घसरगुंडी तो विसरून गेला.

आण्णा मात्र वर बघतच नव्हते. ते खाली बघत होते. मधूनच चपलेच्या टोकानं पाचोळा बाजूला करायचे, माती दिसली की 'हं' म्हणायचे.

"काय शोधताय आजोबा?" ताईनं विचारलं.

"कचरा कुठे गेला ते बघतोय."

तर मुलांनो, कचरा कुठे गेला? हा प्रश्न फार चांगला आहे. तो कुठेही गेलेला नाही, पायाखालीच आहे. पण त्याचं काय काय झालं, ते ऐका.

ओला कचरा ढिगात दाबला गेला की आतपर्यंत हवा पोचत नाही. हवा नसली तरी काही सूक्ष्म जीवाणू तिथे मजेत जगतात आणि कचरा कुजवतात. कुजताना उष्णता निर्माण होते आणि मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो, म्हणून कचऱ्याचे डोंगर आतल्या आत धुमसत राहतात. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या डंपिंगला आग लागली होती, तेव्हा धूर इतका पसरला की आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आण्णांनी तसंच वर्णन केलं. "रात्रपाळीला आलो की ढिगावर ठिकठिकाणी धूर दिसायचा. कंदील लावल्यासारखं. पायाला खालून ऊन लागायचं. पावसाळ्यात गाडीची चाकं रुतायची. वर घारी, खाली कुत्री. आणि माणसंही असायची. काच, लोखंड, चिंध्या वेचणारी. बायका, पोरं. तुझ्याएवढी पोरं." हे त्यांनी धाकट्याकडे बघून म्हटलं. तो मुंगळ्यांतून उठून उभा राहिला.

अशा जमिनीवर झाड लावणं सोपं नसतं. मुळांनाही श्वास घ्यायला प्राणवायू लागतो, आणि ढिगातला मिथेन मातीतल्या प्राणवायूला हुसकावून लावतो. रोप गुदमरतं. कचरा कुजेल तशी जमीनही खचत जाते. म्हणून अशा जागी वर चांगल्या मातीचा थर द्यावा लागतो, चिवट झाडं निवडावी लागतात आणि मुख्य म्हणजे, वाट पाहावी लागते. हे डंपिंग १९७७ साली बंद झालं. पहिलं रोप लागलं १९८३ साली. आणि लोकांसाठी फाटक उघडलं २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी. मोजा बरं. कचरा बंद झाल्यापासून फाटक उघडेपर्यंत सतरा वर्षं!

ते पहिलं रोप कोणी लावलं, ते ऐकून तुम्हांला आनंद होईल. डॉ. सलीम अलींनी. पक्ष्यांचे अभ्यासक म्हणून ते साऱ्या जगाला माहीत आहेत. त्यांचा जन्म १८९६ सालचा. म्हणजे रोप लावताना त्यांनी वयाची ८५ वर्षं ओलांडलेली होती. मुंबईत खेतवाडीत वाढलेला हा मुलगा लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचा. एकदा त्यानं मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कुठली चिमणी? विचारायला तो गेला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला रागावण्याऐवजी पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले, पुस्तकं दिली. तिथून त्याचं आयुष्यच बदललं. ही सोसायटी स्थापन झाली १८८३ साली. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी तिथेच तयार झालेला माणूस डंपिंगवर रोप लावत होता! हे झाड मोठं होऊन त्यावर पक्षी बसलेले पाहायला आपण असू की नाही, हा विचार त्यांच्या मनात आला असेल का? १९८७ साली ते गेले. उद्यान उघडलं तेव्हा ते नव्हते.

आम्ही थोडं पुढे गेलो. कुठूनतरी 'टुक् टुक् टुक्' असा आवाज यायला लागला. एका तालात, न थांबता. आण्णा म्हणाले, "कोण ठोकाठोकी करतंय?" ताईनं दुर्बीण लावली (शेजारच्या काकांची, मागून आणलेली) आणि बराच वेळ शोधल्यावर ओरडली, "तांबट!" चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा पक्षी. कपाळावर आणि छातीवर लाल रंग. तांब्याची भांडी घडवणारा तांबट हातोडीनं ठोकतो तसा याचा आवाज, म्हणून नाव तांबट. तो वठलेल्या, पोकळ फांदीत चोचीनं भोक पाडून घरटं करतो.

त्या झाडाची एक फांदी खरंच वठलेली होती. आण्णा बघत राहिले. म्हणाले, "मी मुकादम असतो ना, तर हे लाकूड पहिल्या पाळीतच उतरवून गाडीत भरायला लावलं असतं. बरं झालं, मुकादम झालो नाही."

पुढच्या वळणावर एक मावशी झाडू मारत होत्या. त्या फक्त पायवाट झाडत होत्या आणि गोळा झालेला पाचोळा परत झाडांच्या बुडाशी लोटत होत्या. आण्णांना राहवेना. ते थांबले आणि त्यांच्याशी बोलायला लागले. हजेरी किती वाजता, सुट्टी कधी, झाडू कोण देतं. दोन जुने कामगार भेटले की गप्पा रंगणारच. शेवटी आण्णांनी विचारलं, "हा पाला उचलत नाही का तुम्ही?"

"उचलून काय करायचा? झाडाचं आहे, झाडाला देते," मावशी म्हणाल्या.

मी पाचोळ्याचा एक थर काडीनं उचकून ताईला दाखवला. वर कोरडी, कुरकुरीत पानं. त्याखाली ओली, काळपट पडलेली. त्याखाली नुसत्या शिरांच्या जाळ्या, त्यावर बुरशीचे पांढरे धागे. आणि अगदी खाली काळी, भुसभुशीत माती, तिला पावसाचा वास. एक गांडूळ घाईघाईनं आत गेलं. आण्णांनी चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळली, वास घेतला. "आम्ही जे टाकत होतो ना," ते म्हणाले, "त्यात केळीची पानं असायची, राख असायची, चहाचा चोथा, चिपाडं, करवंट्या, मासळीची खवलं, कागद, चिंध्या. पिशवी म्हणशील तर शोधायला लागायची." त्यांनी माती परत जागच्या जागी ठेवली आणि हात झटकले नाहीत.

फुलपाखरांबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात, नाहीतर ताई मला माफ करणार नाही. तिनं वहीत नऊ प्रकारांची चित्रं काढली आहेत, त्यांतली सहा ओळखता येतात. रुईच्या झुडपावर एक पट्ट्यापट्ट्यांची अळी पानं खात होती. रुईचा चीक विषारी असतो, ठाऊक आहे ना? तो डोळ्यांत जाता कामा नये. पण ही अळी खुशाल ती पानं खाते आणि ते विष अंगात साठवते. तिचं पुढे केशरी पंखांचं 'प्लेन टायगर' फुलपाखरू होतं, आणि एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून हे फुलपाखरू इतकं सावकाश, ऐटीत उडतं! लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीवरही अळ्या येतात. आई त्या काढून टाकत असेल तर तिला सांगा, की थोडे दिवस थांब. चार पानं जातील, पण काळं-पिवळं फुलपाखरू घरच्या घरी बघायला मिळेल.

मग आम्ही उद्यानाच्या मागच्या बाजूला आलो आणि आण्णांनी लगेच जागा ओळखली. "ही खाडी!"

ही मिठी नदी. विहार आणि पवई तलावांचं ओसंडणारं पाणी घेऊन ती निघते, सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. पलीकडच्या काठावर बांद्रा-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या. अलीकडे तिवरांची दाटी. तिवराची झाडं खाऱ्या चिखलात वाढतात. चिखलात हवा नसते, म्हणून ती आपली मुळं पेन्सिली उभ्या केल्यासारखी चिखलाबाहेर काढतात आणि त्यांतून श्वास घेतात. जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. ओहोटी होती, त्यामुळे शेकडो पेन्सिली दिसत होत्या. चिखलावर काहीतरी टुणकन उडालं. बेडूक? नव्हे, निवटी! हा मासा आहे, पण पाण्याबाहेर कल्ल्यांजवळच्या परांवर रांगतो आणि ओल्या कातडीतून हवा घेतो. धाकट्याला वाघ न दिसल्याचं दुःख तिथे संपलं. "मासा चालतो!" हे त्यानं नंतर लोकलमध्ये अनोळखी माणसांनाही सांगितलं.

पण त्याच पेन्सिलींना काय अडकलं होतं, तेही सांगते. पिशव्या, चिप्सची पाकिटं, थर्माकोलचे तुकडे, एक निळी चप्पल. भरती येते तेव्हा हे सगळं घेऊन येते आणि ओहोटीला इथे ठेवून जाते. मुळं झाकली गेली की तिवर गुदमरतो. आज मुंबईचा कचरा देवनारला आणि कांजूरमार्गला जातो, रोज सहा हजार टनांहून अधिक. त्यातलं प्लास्टिक कुजत नाही. १९७७ च्या ढिगावर जंगल उभं राहिलं, ते पिशव्यांच्या ढिगावर तसं उभं राहील का, असं ताईनं विचारलं. आण्णा म्हणाले, "मला नाही वाटत." मलाही नाही वाटत.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हीच मिठी घराघरांत शिरली. तुमच्या आईबाबांना विचारा, प्रत्येकाची एक गोष्ट असते. माझी गोष्ट अशी, की पाणी ओसरल्यावर आण्णा कामावर गेले ते चार दिवस घरी आलेच नाहीत. गाद्या, कपाटं, भिजलेलं धान्य, मेलेली जनावरं, सगळं उचलायला कोण होतं? आण्णा आणि त्यांच्यासारखे. चौथ्या दिवशी आले, आंघोळ केली आणि न जेवता झोपले.

खाडीकडून आम्ही परत फिरलो आणि एका बाकावर टेकलो. मुलं त्यांच्या बाबांबरोबर पावसाचं पाणी साठवायचं तळं पाहायला पुढे गेली होती. आता ते मघाचं राहिलेलं सांगते.

मी सातवीत होते. आम्ही नायगावला चाळीत राहायचो. आण्णा कामावरून आले की गॅलरीत बादली ठेवलेली असायची. तिथे लाल साबणानं अंग घासल्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नसत. शाळेत बाईंनी वडिलांचा व्यवसाय विचारला की मी म्हणायची, "म्युन्सिपालटीत." पुढे कोणी काही विचारू नये म्हणून पटकन खाली बसायची. एकदा शाळा सुटताना मैत्रिणींबरोबर फाटकात उभी होते. समोरून कचऱ्याची गाडी आली. मागे आण्णा उभे होते. मला बघून त्यांनी हात वर केला. आणि मी खाली वाकले. बुटाची नाडी बांधायला. गाडी जाईपर्यंत मी वर पाहिलं नाही.

घरी ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पस्तीस वर्षं होऊन गेली. मला वाटायचं, त्यांना कळलं नसेल.

त्या बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "आण्णा, मी मुलांना तुमच्या कामाचं कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं."

ते तांबटाचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "तुझ्या बुटाची नाडी फार सुटायची तेव्हा."

मला काय बोलावं ते सुचेना. ते हसले. म्हणाले, "अगं, त्या दिवसापासून शाळा सुटायच्या वेळेला मी गाडीच्या आतल्या बाजूला उभा राहायचो. तुला कशाला ओशाळं वाटायला पाहिजे!" आणि मग, मी डोळे पुसत होते तेव्हा, त्यांनी समोर बोट दाखवलं. "ते बघ. तो कोपरा असेल ना, तिथे आमची गाडी उलटी व्हायची. आता कसलं झाड आहे ते?"

बहावा होता. वीतभर लांब, काळ्या शेंगा लोंबत होत्या. उन्हाळ्यात तो पिवळ्या झुंबरांनी भरून जातो, असं मी सांगितलं. "मग उन्हाळ्यात परत यायला पाहिजे," आण्णा म्हणाले.

परतीच्या गाडीत दुपारची वेळ म्हणून बसायला जागा मिळाली. डबे उघडले. चिवडा, चकली, थोडे मोडके लाडू. धाकट्यानं चकलीची रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि आजोबांनी पाहिलं की नाही, ते तिरप्या डोळ्यांनी बघितलं. मुलुंड गेलं, ठाणं गेलं. ताई वही मांडीवर घेऊन लिहीत होती. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर एक रकाना असतो, 'माहिती कोणाकडून मिळाली?' त्यात तिनं गाडीच्या हेलकाव्यांतही शक्य तितक्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'माझे आजोबा. मोटर लोडर (निवृत्त), मुंबई महानरपालिका.'

आण्णांनी चष्मा लावून वाचलं. मग तिच्या हातातली पेन्सिल घेतली.

"यातला 'ग' राहिला बघ," ते म्हणाले.